मोंढ्यातली युजेबिलिटी टेस्टिंग

अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीचं काम गेल्या हंगामात माझ्याकडे आलं. तीन गोष्टी तपासायच्या होत्या: मुनिमाचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, माल घालणाऱ्या शेतकऱ्यासाठी मोबाइल ॲप आणि रोजचे भाव दाखवणारी वेबसाइट. प्रोग्रॅमरनी आपल्या परीनं सगळं तपासलेलं होतं. बटण दाबलं की पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या वजनाचा आणि पैशाचा हिशोब, निघत होती, बेरीज बरोबर येत होती. मला बघायचं होतं ते त्यापुढचं. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, माणसाला हेच काम, शेजारी बसून कुणी न सांगता, जमतं का?

कंपनीचं म्हणणं होतं की पुण्याच्या ऑफिसात चांगली खोली आहे, कॅमेरे आहेत, तिथंच चार शेतकरी बोलावून घेऊ. मी नको म्हटलं. युजेबिलिटीची जी व्याख्या जगभर धरली जाते ती आयएसओ ९२४१ या मानकाच्या अकराव्या भागात आहे. १९९८ मध्ये आली, २०१८ मध्ये सुधारली. काम पुरतं झालं का, त्यासाठी किती वेळ आणि कष्ट गेले, करणाऱ्याला समाधान वाटलं का, एवढं त्यात बघायचं असतं. पण हे सगळं अमुक माणसं, अमुक काम आणि अमुक परिस्थिती धरूनच बघायचं, अशी अटही तिथंच घातली आहे. आमची परिस्थिती म्हणजे ऑक्टोबरचं ऊन, सोयाबीनचा भुसा, हमालांची आरडाओरड आणि अंधार पडायच्या आत गाव गाठायची घाई. ती पुण्याच्या खोलीत कशी आणणार? शेवटी ठरलं की लातूरलाच, गंजगोलाईजवळ एक खोली घेऊन थोड्या बैठका शांतपणे घ्यायच्या, आणि बाकीच्या सगळ्या मोंढ्यात, दुकानात, चालू हंगामात.

माणसं कोण निवडतं यावर अर्धी टेस्ट ठरते. दुकानाच्या मालकांनी मदत म्हणून लगेच नावं दिली. एक कृषी पदवीधर, एक माजी सरपंच, एक इंजिनियरिंगला असलेला पुतण्या. सगळे मोबाइलमध्ये तरबेज. यादी मी मानानं घेतली आणि दुकानाच्या वहीतून दुसरी नावं काढली. फोनवर साधे प्रश्न विचारायचे. शेवटचा माल कधी घातला? पट्टी कुणी वाचली? पैसे जमा झाल्याचं कसं कळलं? घरात फोन किती आणि कुणाकडे असतात? "तुम्हाला ॲप वापरता येतं का" हे मी कधीच विचारत नाही, कारण त्याचं उत्तर माणूस आपली इभ्रत सांभाळून देतो. "पट्टी पोरगं वाचतंय, मी निस्तं पैशाचं बघतो," असं सांगणारा माणूस मला हवा होता.

औसा, रेणापूर, चाकूर या भागातून माणसं मिळाली. बायका मिळवायला मात्र वेळ लागला. पुरुषाला फोन केला की तो "मीच येतो की" म्हणायचा. पण नवरा गेल्यावर शेती स्वतः बघणाऱ्या, ट्रॅक्टरवर बसून माल घेऊन येणाऱ्या, काट्यासमोर उभं राहून वजन बघणाऱ्या बाया आमच्या मोंढ्यात दिसतात. त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवला, आणि त्या दिवशी जे कळलं ते बाकीच्या कुठल्या दिवशी कळलं नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

मानधनाचं पाकीट मी टेस्टच्या आधीच हातात देते. शेवटी दिलं तर माणसाला वाटतं, चांगलं बोललो म्हणून मिळालं. "पैसे कशाचे? मी कुठं काय काम केलं?" असं म्हणून पाकीट परत सरकवणारे बरेच भेटले. तुमचा अर्धा दिवस मोडला त्याचे आहेत, असं सांगितल्यावर घेतलं. परवानगीचंही तसंच. कागदावर सही मागितली की आमच्याकडचा माणूस सावध होतो, आणि त्याला तशी कारणंही आहेत. म्हणून आधी तोंडी सगळं सांगायचं: स्क्रीन, हातांची हालचाल आणि आवाज रेकॉर्ड होणार, चेहरा होणार नाही, नको वाटलं तर मधेच उठायचं, रेकॉर्डिंग तुमच्यासमोर पुसू. मग सही. आणि एक वाक्य प्रत्येक वेळी न चुकता: "परीक्षा या ॲपची आहे, तुमची नाही. तुम्ही जिथं अडकाल तिथं चूक आमची."

टेस्ट घ्यायची नेहमीची रीत अशी, की काम करताना माणसानं मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. १९८२ मध्ये आयबीएममध्ये क्लेटन लुईस यांनी ती सॉफ्टवेअरसाठी लिहून काढली, आणि आजही बहुतेक जण तिच्यावरच चालतात. गंजगोलाईच्या खोलीत ती चालेना. परक्या बाईसमोर एकटंच बडबडत बसायचं हे साठीच्या माणसाला अवघड जातं. तो गप्प राहतो, स्क्रीनवरून बोट फिरवतो आणि शेवटी म्हणतो, "चांगलं हाय की." पाहुण्यानं पुढं केलेल्या वस्तूला नावं ठेवायची नसतात, ही आमच्या भागाची रीत आहे. मला ती प्रिय आहे. पण त्या "चांगलं हाय की"वर ॲप बाजारात गेलं असतं तर त्याच माणसाचं नुकसान झालं असतं.

मग दोन उपाय केले. पहिला, माणसं जोडीनं बसवली. एक फोन, दोन शेजारी. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं सांगायचं, आणि मी दोघांच्या मागं. आता बोलणं माझ्याशी नव्हतंच. "आरं तितं न्हाई, खाली बघ की." "खाली कुठं? खाली तर निस्ती जाहिरात दिसलालीय." ती जाहिरात नव्हती, आमच्या डिझायनरनं रंगीत चौकटीत मांडलेली पैशाची माहिती होती. दोघांच्याही डोळ्यांनी ती जाहिरात समजून टाळली. एकटा माणूस हे मला कधीच बोलून दाखवणार नाही.

जोडी लावताना एक पथ्य मी पाळते. नवरा-बायकोची जोडी लावत नाही, बाप-लेकाचीही नाही. फोन कुणाच्या हातात जाणार हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरा उपाय अपला लाहिरी चव्हाण यांच्याकडून घेतलेला. ह्यूमन फॅक्टर्स इंटरनॅशनल या युजेबिलिटीचं काम करणाऱ्या कंपनीत असताना त्यांनी हीच अडचण ओळखली होती, की भारतातली माणसं टेस्ट घेणाऱ्यासमोर वाईट बोलत नाहीत. त्यांनी काढलेल्या युक्तीला बॉलिवूड तंत्र म्हणतात. नुसतं "विमानाचं तिकीट काढून दाखवा" न म्हणता त्या माणसाला एका गोष्टीत उभं करायच्या: भाचीचं लग्न ठरलंय, नवरामुलगा गुंड निघालाय, त्याचं आधीच एक लग्न झालेलं आहे, पुरावा तुमच्या हातात आहे, त्याच्या बायकोला घेऊन तातडीनं बंगळूरला पोचायचंय, काढा तिकीट! गोष्टीत शिरलेला माणूस मग वेबसाइटची भीड ठेवत नाही.

आमच्याकडे भाचीच्या लग्नापेक्षा पट्टीची गोष्ट जास्त पेटते. मी सांगायची: "धाकट्या भावाचे बारा कट्टे तुम्ही घेऊन आलात. भाऊ फोनवर म्हणतोय, दुकानात अकराच लिहिलेत. तुम्ही स्टँडवर आहात, गाडी लागलीय. भाऊ आधीच रागावलेला, वाटणीवरून बोलणं चाललेलं. आता मोबाइलवर बघून त्याला सांगा, किती कट्टे लागले आणि किती पैसे झाले." एवढं ऐकलं की माणूस सरसावून बसतो. स्क्रीनवरचा शब्द मी कामात येऊ देत नाही. "हिशोब पट्टी उघडा" म्हटलं तर तो नुसता ती अक्षरं शोधेल आणि दाबेल. "किती पैसे झाले" म्हटलं की तो आपल्या डोक्यातल्या वाटेनं जातो आणि ती वाट ॲपमध्ये आहे का ते दिसतं. या गोष्टीतले एक काका तर चिडून म्हणाले, "गाडी जाईल, पर ह्येचं गोल फिरायचं थांबना गेलंय!" खोलीत हेच काका ॲपला शंभरपैकी शंभर मार्क देऊन गेले होते.

आता वजनाची एक गोष्ट. या सगळ्या कामातून एकच गोष्ट सांग म्हटलं तर मी ही सांगेन.

मोंढ्यात, दुकानाच्या ओट्यावर, रेणापूरकडचे एक मामा आपल्याच फोनवर आपलाच खराखुरा हिशोब बघत होते. कागदाची पट्टी खिशात होती. ॲप उघडलं, वजनाच्या ओळीवर थांबले. चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ घेतला. मग पट्टी काढली, घडी उलगडली, मांडीवर पसरली. एकदा पट्टी, एकदा फोन. मी काहीच बोलत नव्हते. माणूस अडकला की मनात दहा आकडे मोजायचे आणि तरी बोलायचं नाही, ही माझी सवय आहे. तेवढ्यात ते उठले आणि काट्याकडं चालायला लागले.

"मामा, काय झालं?"

"छत्तीस किलो कुठं गेलं, त्ये विचारून येतो."

पट्टीवर हातानं लिहिलं होतं ६-४०. सहा क्विंटल चाळीस किलो. ॲपवर होतं ६.४. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ६.४० आणि ६.४ एकच, म्हणून शेवटचं शून्य त्यानं गाळलं होतं. मामांनी वाचलं ते सहा क्विंटल चार किलो, आणि मोंढ्यात कुणीही तसंच वाचेल. क्विंटलनंतरचा आकडा म्हणजे किलो, हे इथं लहानपणापासून पक्कं असतं. साडेचार हजारांचा भाव धरला तर छत्तीस किलोचे १,६२० रुपये होतात. खाली पैशाची रक्कम बरोबर होती, कारण हिशोब ६.४० वरच झाला होता. पण वजनच खोटं दिसल्यावर त्या रकमेवर कोण विश्वास ठेवणार? मामांना आता पट्टीचीही शंका यायला लागली होती. ज्या दुकानात बापाच्या काळापासून माल घालत आले, त्या दुकानाशी ते एका गाळलेल्या शून्यापायी भांडायला निघाले होते.

हे ऑफिसात कधीच सापडलं नसतं. ऑफिसात आम्ही नमुन्याचा माल दिला असता, कुणाच्या तरी नावाचा, बारा क्विंटल पस्तीस किलो वगैरे, आणि सगळ्यांनी १२.३५ नीट वाचलं असतं. माल स्वतःचा, पैसे स्वतःचे आणि पट्टी खिशात, म्हणून छत्तीस किलो दिसले. त्यानंतर मी प्रत्येकाला त्याचाच खरा हिशोब उघडायला लावला.

त्याच ओट्यावर आणखी बरंच दिसलं. काही फोनमध्ये ॲप उतरलंच नाही. कीर्तनाच्या व्हिडिओंनी आणि सकाळच्या शुभेच्छांच्या फोटोंनी जागा भरलेली. करड्या रंगातली बारीक अक्षरं उन्हात कुणाला दिसेनात. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या आकाराच्या अक्षरांच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा असं सांगितलंय; आमच्या करड्या अक्षरांचा तेवढाही नव्हता, आणि वर भरदुपारी चिरा पडलेल्या काचेतून बघायचं. बटणं लहान होती. अँड्रॉइडची स्वतःची शिफारस ४८ डीपीची (डीपी हे स्क्रीनवरचं माप) आहे, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. काम करून घट्टे पडलेलं, भुशानं माखलेलं बोट छोट्या बटणावर तीनदा आपटूनही लागत नाही, तेव्हा माणूस आपल्या बोटाला दोष देतो. तो दोष बोटाचा नाही, हे दर वेळी सांगावंसं वाटायचं आणि टेस्ट चालू असताना सांगता यायचं नाही.

मराठी अक्षरांची एक खास अडचण होती. डोळे अधू झालेल्या माणसानं फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली असतात, बहुधा नातवानं. डिझायनरनं ओळीची उंची ठरवली होती इंग्रजी अक्षरं समोर ठेवून. तेवढ्या उंचीत देवनागरी मोठी झाली की वरचे रफार आणि वेलांट्या कापल्या जातात, खालचे उकार गायब होतात. पैसे मिळाल्याची खूण म्हणून 'पूर्ण' असं लिहिलेलं होतं. एका काकूंच्या फोनवर त्याचा उकार आणि रफार दोन्ही कापले गेले आणि उरलं नुसतं 'पण'. त्या म्हणाल्या, "पन काय? पुढं काय लिवलंय ते दिसंना." पैसे तीन दिवसांपूर्वी जमा झाले होते.

बायकांच्या दिवशी कळलं ते ओटीपीबद्दल. ॲप उघडायला नंबर टाकायचा, त्यावर आकडे येणार, ते भरायचे. चाकूरकडच्या एका ताईंनी नंबर टाकला आणि फोन खाली ठेवून शांत बसल्या. बराच वेळ काहीच नाही. मी विचारलं, काय बघताय? "पोराचा फोन यायलाय बघा." दुकानाच्या वहीत नंबर होता मुलाचा, तो चाकणला कंपनीत. ओटीपी तिकडं जाणार, त्यानं बघितला तर तो आईला फोन करून सांगणार. मुलगा कामावर, फोन लॉकरमध्ये. ओटीपीची मुदत संपली. ताईंना यात काहीच वावगं वाटलं नाही. बँकेचं, गॅसचं, सगळं असंच चालतं म्हणाल्या. त्या दिवशी आलेल्यांपैकी बहुतेकींची हीच तऱ्हा होती. नाव त्यांचं, माल त्यांचा, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. आमच्या सगळ्या आराखड्यांत 'एक शेतकरी, एक फोन, एक नंबर' हे गृहीत धरलेलं होतं, आणि ते गृहीतक या बायांच्या घरात कुठंच बसत नव्हतं.

त्यांच्याकडूनच दुसरी गोष्ट शिकायला मिळाली. दुकान शोधायच्या चौकटीत बोट ठेवल्याबरोबर त्या माइकचं चिन्ह शोधायच्या. यूट्यूबवर भजन, रेसिपी, फवारणी, सगळं बोलून शोधायची सवय. टाइप करण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या ॲपमध्ये माइक नव्हता, आणि ज्यांना लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं जातं त्यांच्यासाठी तो सगळ्यात आधी हवा होता.

मुनिमाच्या सॉफ्टवेअरची टेस्ट अगदी निराळी झाली. हा माणूस दिवसभर तेच काम करतो, त्याला 'सोपं' नको असतं, 'झटपट' हवं असतं. पहिला अडथळा मालकांचा. ते मागं उभे असले की मुनीमजी म्हणणार, "मस्त चाललंय." मालकांना चहाला घेऊन जायची कामगिरी मी कंपनीच्या माणसावर सोपवली आणि मुनीमजींच्या डाव्या बाजूला, जरा मागं, स्टुलावर बसले.

त्यांचे हात बघण्यासारखे. डाव्या हाताची बोटं कच्च्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर, अंगठ्यानं एकेक चिठ्ठी सरकवायची. उजवा हात नंबरपॅडवर, नजर चिठ्ठीवर, स्क्रीनकडं फक्त शेवटी एकदा. कट्टे, एंटर. वजन, एंटर. भाव, एंटर. हमाली, तोलाई, एंटर, एंटर. टॅलीवर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाचा हात असाच चालतो. माऊस होता, पण पावती पुस्तकांच्या ढिगाखाली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एंटर दाबला की पुढच्या रकान्यात न जाता पट्टी थेट सेव्ह व्हायची. अर्धी. कट्टे लिहिलेले, वजन नाही. मग ढीग उचला, माऊस काढा, पट्टी शोधा, रद्द करा, पुन्हा सुरुवात. आवकेच्या दिवसात दारात ट्रॅक्टरांची रांग असताना. मुनीमजी तक्रार करत नव्हते. त्यांनी सवय लावून घेतली होती: एंटरकडं जाणारं बोट मधेच थांबायचं आणि टॅबवर जायचं. प्रत्येक रकान्यापाशी ते थांबणं दिसत होतं. विचारलं असतं तर "काही त्रास नाही" हेच उत्तर आलं असतं.

आणि कीबोर्डशेजारी एक चौकोनी वही होती. अशी वही, चिठ्ठी, मॉनिटरला चिकटवलेला कागद दिसला की मी बाकी सगळं सोडून आधी तो बघते. सॉफ्टवेअर जिथं कमी पडतं तिथं माणूस कागद लावतो. वहीत गावांची नावं, त्याखाली माणसांची नावं आणि समोर आकडे. एकाच गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची तीन माणसं. मुनीमजींच्या डोक्यात ती वेगळी असतात: एक मळ्यातले, एक वस्तीवरचे, एक ज्यांचा भाऊ तलाठी आहे ते. सॉफ्टवेअर तिघांची नावं एकाखाली एक दाखवायचं आणि फरक म्हणून फक्त मोबाइल नंबर. मुनिमाला नंबर पाठ कसे असणार? म्हणून त्यांनी प्रत्येकाचा खाते क्रमांक या वहीत टिपला होता आणि दर पट्टीला वहीत बघून तो टाकत होते. "ही वही हरवली तर?" मी विचारलं. ते पहिल्यांदाच स्क्रीनवरून नजर काढून म्हणाले, "मग एकाचं पैसं दुसऱ्याला जात्याल, ताई."

'ओळख' नावाच्या एका रकान्याची भर, ज्यात मुनीम स्वतःच्या शब्दांत 'वस्तीवरचे' असं लिहू शकेल, ही माझ्या अहवालातली सगळ्यात छोटी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची सूचना होती.

वेबसाइटबद्दल थोडक्यात. सगळे जण तिथं आजची तारीख आणि सोयाबीनचा भाव बघायला येतात, आणि वर सरकती चित्रं होती. चित्रं खाली गेली, भाव वर आला. एवढंच.

अहवाल लिहिताना किती माणसं पुरतात हा प्रश्न येतोच. जेकब नीलसन आणि टॉम लँडाउअर या युजेबिलिटीच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेलं गणित बरेच जण सांगतात: एका माणसाच्या टेस्टमध्ये साधारण ३१ टक्के अडचणी दिसतात, त्या हिशोबानं पाच माणसांत सुमारे ८५ टक्के. पुढं २००० मध्ये नीलसननी पाचच माणसं घ्या असं ठासून लिहिलं. त्यातली अट लोक विसरतात, की ती पाच माणसं एकाच प्रकारची हवीत आणि दुरुस्ती करून पुन्हा टेस्ट घ्यायची आहे. मुनीम आणि शेतकरी एका गठ्ठ्यात मोजता येत नाहीत. फोन स्वतःकडं असलेला शेतकरी आणि फोन मुलाकडं असलेली बाईसुद्धा नाही. मी प्रत्येक गटाची पाच-पाच माणसं धरली.

कंपनीला एक आकडाही हवा होता. त्यासाठी सहसा सिस्टम युजेबिलिटी स्केल वापरतात, जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये बनवलेली दहा वाक्यांची प्रश्नावली. एक वाक्य कौतुकाचं, एक तक्रारीचं, आणि शेवटी शंभरपैकी आकडा, ज्यात ६८ ही सरासरी धरतात. मुनिमांना ती दिली. शेतकऱ्यांना देऊन बघितली तेव्हा "हे वापरायला सोपं आहे" यालाही होकार आणि "हे फार किचकट आहे" यालाही होकार. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून. असा आकडा छापणं मला बरोबर वाटलं नाही. त्यांच्यासाठी मी काम पुरं झालं की नाही, कुठं थांबलं, कुणाची मदत घेतली, एवढंच लिहिलं, आणि प्रत्येक अडचणीला नीलसनच्या मोजपट्टीप्रमाणे शून्य ते चार असा गंभीरपणा दिला. ६.४ ला चार दिले. चार म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही.

बैठकीत एका हुशार, तरुण प्रोग्रॅमरनं विचारलं की हे सगळं दुकानदारांना एकदा शिकवलं तर येणार नाही का? प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी त्याला दुसऱ्या महायुद्धातली बी-१७ विमानांची हकिकत सांगितली. विमान उतरवल्यावर पंखांचे फ्लॅप मिटायचे तर काही वैमानिक चाकंच मिटून टाकायचे, आणि विमान पोटावर बसायचं. ही चांगली शिकलेली, जिवावर खेळणारी माणसं होती. अल्फान्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञानं बघितलं तर दोन्हींच्या मुठी शेजारी-शेजारी आणि सारख्याच. त्यानं चाकाच्या मुठीला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या मुठीला पाचरीचा आकार दिला, आणि ती चूक थांबली. शिकवणं पुरलं नाही, मूठ बदलावी लागली. मग मी मामांची क्लिप लावली. ते पट्टी मांडीवर पसरतात तिथपासून उठून काट्याकडं जातात तिथपर्यंत. त्यानंतर शिकवण्याचा विषय निघाला नाही. त्याच प्रोग्रॅमरनं दुसऱ्या दिवशी '६ क्विंटल ४० किलो' असं पूर्ण लिहून येणारी स्क्रीन पाठवली.

एंटर आता पुढच्या रकान्यात जातो. ओळखीचा रकाना आला, अक्षरांची उंची वाढली, माइक आला. करड्या अक्षरांवर वाद झाला आणि ती काळी झाली. राहिला ओटीपी. मी मागितलं होतं की एका खात्याला दोन नंबर जोडता यावेत, एक माल आणणाऱ्या बाईचा आणि एक घरच्याचा, आणि दुकानात काट्यासमोर उभं राहून मुनिमाकडून नंबर बदलून घेता यावा. कंपनी म्हणते, यात फसवणुकीला वाट मिळेल. भीती खरी आहे, कारण पैसे कष्टाचे आहेत आणि ते चुकीच्या हातात गेले तर बाई कुणाकडं जाणार? पण आज जी व्यवस्था आहे तिच्यात बाईला स्वतःचा हिशोब बघताच येत नाही, आणि ते मला त्याहून कमी धोक्याचं वाटत नाही. आम्ही दोन वेगवेगळे आराखडे कागदावर काढलेत. तुरीची आवक वाढायच्या आत निलंगा आणि अहमदपूरकडच्या बायांसोबत दोन्ही बसवून बघणार आहोत, आणि या वेळी प्रोग्रॅमरांपैकी दोघे स्वतः लातूरला येतायत.